पन्नास मिनिटांवर राहणारा मुलगा

आकुरेरी, २१ जानेवारी १९७९

प्रिय हाल्फदान,

तू घरात फोन बसवत नाहीस आणि बसवणारही नाहीस, म्हणून पुन्हा पत्रच.

बाबांचं ऑपरेशन झालं. झालं म्हणजे पोट उघडलं, आत पाहिलं आणि परत शिवून टाकलं. डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं. काही आठवडे, म्हणाले. किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. बाबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. चेहरा हसरा ठेवून आत गेले, तर म्हणाले, "ये, बस. मला काही सांगू नकोस. मी आयुष्यभर जाळी शिवली आहेत. इतक्या लवकर शिवून झालं म्हणजे आत काही दुरुस्त केलेलंच नाही."

त्यांना तू यायला हवा आहेस. मी विचारलं, "काही सांगायचंय का त्याला?" तर माझ्यावरच खेकसले, "सांगायचं असतं तर तुला लिहून घ्यायला नसतं सांगितलं? मला त्याला बघायचंय."

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा मेंढपाळ आहे. त्याला रोज सकाळी सांगतात, "माझा मुलगा पन्नास मिनिटांवर राहतो." मेंढपाळ म्हणतो, "मग अजून आला कसा नाही?" दोघांची यावरून चांगली जुंपते. रस्त्यानं म्हणशील तर उन्हाळ्यात सबंध दिवस मोडतो आणि हिवाळ्यात रस्ताच नसतो, हे काय मला ठाऊक नाही? पण विमानाला सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे काय रे? चढलास, कॉफी प्यालास, उतरलास. सोमवार, बुधवार, शुक्रवार असतंच.

येताना वाळवलेला मासा आण. इथला त्यांना पुठ्ठ्यासारखा लागतो.

तुझी,
स्टेइनुन


इसाफ्योर्दुर, २९ जानेवारी

स्टेइनुन,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. मग समुद्रावर गेलो, कारण घरात बसवेना.

येतो. नक्की येतो. पण बुधवारपासून इथं असं वादळ आहे की समोरचं घर दिसत नाही. शुक्रवारी बॅग घेऊन विमानतळावर गेलो होतो. इथली रीत तुला माहीतच आहे. खिडकीतली बाई म्हणते, "दीडला विचारा." दीडला म्हणते, "तीनला विचारा." तीनला म्हणते, "पाचला." पाचला अंधार पडलेला असतो, मग म्हणते, "आता सोमवारी." सगळे गुपचूप उठून घरी जातात. चिडून उपयोग नसतो. वाऱ्यावर कोण चिडणार?

हे पत्र विमान सुटेल तेव्हा निघेल.

बाबांना सांग, मासा बांधून ठेवला आहे. त्यांना आवडतो तसा, कडक. तू नीट जेवत जा. जाळीबद्दल ते जे बोलले ते तू लिहायला नको होतंस. मला झोप लागत नाही.

हाल्फदान


आकुरेरी, १० फेब्रुवारी

प्रिय हाल्फदान,

आज दोन आठवडे झाले, तू येतो म्हणतोस आणि वारा नको म्हणतो. तुझ्यावर राग नाही. बाबाच मला समजावतात: "आपल्या खाडीत वारा ईशान्येचा असला की उतरता येत नाही. डोंगराला पंख घासायचे का? पोराला बोल लावू नकोस." खाटेशी रेडिओ ठेवला आहे. हवामानाच्या बातम्या लागल्या की वॉर्डात कुणी खोकायचंही नाही. एकेका दीपगृहाचं नाव घेऊन वारा किती, लाट किती, लांबचं किती दिसतं, ते सांगतात ना, ते सगळं डोळे मिटून ऐकतात. मेंढपाळ म्हणतो, "तुम्ही तर पाद्र्याचं प्रवचन ऐकल्यासारखं ऐकता." बाबा म्हणतात, "प्रवचनात एवढं खरं नसतं."

खाणं जवळजवळ सुटलं आहे. परवा मी थोडं घट्ट दह्यासारखं स्कीर घेऊन गेले होते, दोन चमचे खाल्लं. मनगट माझ्या मुठीत मावतं.

दोन कामं आहेत. एक, या पत्राबरोबर तुझे हातमोजे पाठवते, समुद्रावरचे, दोन अंगठ्यांचे. एक बाजू झिजली की उलटे घालता येतील. दवाखान्यात बसल्या बसल्या विणले. इथल्या नर्सबाई हसत होत्या की हे कुठल्या प्राण्यासाठी? दुसरं, हे विचारताना हात जड होतो आहे. दफनभूमीत आईच्या शेजारी जागा आहे का, पाद्रीबुवांना विचार. समुद्राकडच्या बाजूला असेल तर बरं.

पण त्याआधी ये.

स्टेइनुन


इसाफ्योर्दुर, १३ फेब्रुवारी

स्टेइनुन,

पाद्रीबुवांना भेटलो. आईच्या शेजारी जागा आहे, समुद्राकडच्याच बाजूला. त्यांनी काठी रोवून खूणही करून ठेवली. मला ते बघवेना, पण मी त्यांना थांबवलं नाही.

हातमोजे अगदी मापात बसले. आज बोटीवर घातले होते. सगळे विचारत होते, कुणी विणले? म्हटलं, बहिणीनं.

काय सांगू, यायचं जमतच नाही. गेल्या सहा तारखेपासून इथं विमान उतरलेलंच नाही. आकाश खाली आलं आहे, डोंगर कमरेपर्यंतच दिसतात. रोज विमानतळावर जातो आणि परत येतो. माझ्याच नशिबात असं का, कळत नाही. बाबांना सांग की वारा पडला की पहिल्या विमानानं निघतो.

नर्सबाई हसतात तर हसू देत.

हाल्फदान


आकुरेरी, १७ फेब्रुवारी

हाल्फदान,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते बघ.

सहा तारखेपासून विमान उतरलेलं नाही म्हणतोस. मग माझं दहा तारखेचं पत्र तुझ्या हातात कुणी दिलं? सील माशानं? आणि हातमोजे? ते काय पोहत आले? बोटीनं आले असं सांगू नकोस. किनाऱ्याची बोट अजून इथून निघालेलीसुद्धा नव्हती. ज्या विमानानं हातमोजे आले, त्याच विमानानं तुला परत येता आलं असतं. तुझं पत्र आलं, तू आला नाहीस.

मी इथल्या विमानतळावर फोन केला. सोमवारी विमान गेलं, आलं. बुधवारी गेलं, आलं. शुक्रवारीही. आलेल्या विमानात जागा रिकाम्या होत्या, म्हणे.

तुला यायचं नाहीये. तसं सरळ लिहायचं होतंस. माणूस मरताना बघवत नाही, म्हणून लांब बसायचं आणि वाऱ्यावर ढकलायचं. मला बघवतं, असं वाटतं का तुला? मी रोज त्यांची पाठ पुसते. पाठीचे मणके मोजता येतात. आणि ते मेंढपाळाला सांगत असतात, मुलगा पन्नास मिनिटांवर राहतो.

रागाच्या भरात मी तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. वाटलं होतं, आता तरी तुला शिव्या देतील. त्यांनी नुसता रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मी रोज ऐकतो हवामान. वारा नव्हता. मला ठाऊक होतं." म्हटलं, "मग मला का सांगत होता की ईशान्येचा वारा आहे?" तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू हे त्याला लिहू नकोस."

मी लिहिते आहे. त्यांनी आजवर तुला फार सांभाळून घेतलं.

स्टेइनुन


इसाफ्योर्दुर, २० फेब्रुवारी

स्टेइनुन,

तुझं पत्र काल आलं. विमानानंच आलं. आता लपवून काय करू?

मला विमानात बसता येत नाही.

हे लिहायला मला सबंध रात्र लागली, एवढंच वाक्य. मी समुद्रावरचा माणूस. आम्ही बोटीवरचा बर्फ हातोड्यानं फोडून काढला आहे, नाहीतर उलटली असती. तेव्हा घाबरलो नाही असं नाही, पण हात चालत होते. विमानात हातांना काही कामच नसतं.

पाच वर्षांपूर्वी तुझ्याकडून परत येत होतो. खाडीत शिरल्यावर विमान वळतं, डोंगर अगदी खिडकीशी येतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्या दिवशी वळताना ते एकदम खाली गेलं. मग सावरलं आणि उतरलं. काहीच झालं नाही. माझ्या शेजारची बाई मांडीवरचा केक सांभाळत होती, तोसुद्धा मोडला नाही. सगळे हसत उतरले. मी घरी आलो आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून नाही.

मी तुझ्याशी खोटं बोललो, पण विमानतळावर जात होतो ते खरं आहे. तिकीट काढलं होतं. एकदा जिन्यापर्यंत गेलो. एकदा तर आत जाऊन बसलो, पट्टा बांधला आणि दार लावायच्या आत उतरलो. खिडकीतली बाई दर वेळी काही न बोलता तिकीट परत घेते. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी तोंडावर काही म्हणत नाही. इथं वारा म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही, म्हणून वारा म्हणत राहिलो. स्वतःलाही तेच सांगत होतो.

बाबांना न बघण्यासाठी लांब बसलो, असं मात्र म्हणू नकोस. ते तेवढं परत घे.

किनाऱ्याची बोट आज रात्री इथून तिकडे निघते आहे. वाटेतली सगळी बंदरं घेत गुरुवारी संध्याकाळी आकुरेरीला लागेल. मी त्या बोटीवर आहे. हे पत्र उद्याच्या विमानानं येईल, म्हणजे माझ्या आधी तुझ्या हातात पडेल. बाबांना सांग, गुरुवार. बोटीचा गुरुवार, विमानाचा नाही. यात बदल होणार नाही.

हाल्फदान


इसाफ्योर्दुर, २२ फेब्रुवारी

हाल्फदान, अरे हाल्फदान,

हे पत्र मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून, तुझ्याच कागदावर लिहिते आहे आणि पत्ता माझ्याच घराचा घालते आहे. किल्ली खालच्या मजल्यावरच्या आस्ताकडे आहे, ती तुला देईल.

बाबा इथं आहेत. त्यांच्या नेहमीच्या खाटेवर, खिडकीकडे तोंड करून.

तुला ते पत्र टाकलं, हे मी शनिवारीच त्यांना सांगितलं. इतके चिडले की नर्सबाई धावत आल्या. मग शांत झाल्यावर म्हणाले, "तो घाबरतो. पाच वर्षं झाली. मी त्याला त्या दिवशी दारातून आत येताना पाहिला होता." हाल्फदान, मी जे लिहिलं ते परत घेते. सगळं. मला माफ कर. पण मला कसं कळणार? तुम्हा दोघांच्या तोंडाला कायमचं कुलूप.

मंगळवारी म्हणाले, "तो येऊ शकत नाही, तर मी जातो." मी म्हटलं, तुम्हाला उठवत नाही आणि कुठे जाता? म्हणाले, "विमानात बसायलाच तर लागतं." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आता कशालाच नाही म्हणायचं कारण उरलेलं नाही. तुला निरोप पाठवू म्हटलं, तर मला बजावलं, "अजिबात नाही. लाजेल आणि बोट घेऊन समुद्रावर पळेल." म्हणून कळवलं नाही. काल बुधवारच्या विमानानं आलो.

तुझं पत्र ज्या विमानानं आकुरेरीला आलं, त्याच विमानानं आम्हाला इकडे आणलं. ते माझ्या दाराशी पडलं असेल तेव्हा आम्ही विमानात होतो. इथं घर उघडं, चूल गार, तू नाहीस. धक्क्यावरच्या लोकांनी सांगितलं की मला पत्र टाकून तू आदल्या रात्रीच्या बोटीनं गेलास. बाबांना सांगायला मला धीर होईना. सांगितलं, तर इतके हसले की खोकल्यानं निळे पडले. म्हणाले, "बघ, निघाला की नाही? मी म्हणत नव्हतो?"

मग थोड्या वेळानं डोळे पुसत होते. ते हसण्यानं नव्हतं.

विमानात सगळा वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. खाडीत वळताना मी डोळे मिटून घेतले, मला तुझीच आठवण झाली. ते मात्र डोंगराकडे बघत म्हणाले, "खरंच फार जवळ येतो रे बाबा." जणू तू शेजारी बसला होतास.

आज सकाळी इथले डॉक्टर येऊन गेले. आठवडा म्हणाले नाहीत. दिवस म्हणाले. बोट आता आठ मार्चशिवाय इकडे लागत नाही. तुला आणखी काय लिहू? शुक्रवारी विमान आहे, सोमवारी आहे. तुझ्यावर जबरदस्ती करायची नाही असं बाबांनी मला बजावलं आहे. म्हणून मी काही म्हणत नाही.

नाही, म्हणते. ये रे.

स्टेइनुन


आकुरेरी, २५ फेब्रुवारी, रविवार

स्टेइनुन,

गुरुवारी पोचलो. आस्तानं किल्ली दिली आणि मला आधी जबरदस्तीनं जेवायला वाढलं, मगच सांगितलं. दार उघडलं तर पायाशी माझंच पत्र पडलेलं. उचलून टेबलावर ठेवलं. फोडायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवारी नाही जमलं. तुझं पत्र काल, शनिवारी मिळालं, म्हणून नाही जमलं असं लिहिणार होतो. पण आता खोटं नको. आस्तानं सगळं गुरुवारीच सांगितलं होतं आणि मी शुक्रवारी विमानतळावर गेलोही होतो. आकाश स्वच्छ होतं. वारा यावा म्हणून देवाला विनवणारा तिथं मी एकटाच असेन.

तुझा फोन वाजतो. काल चारदा वाजला. तू शेजाऱ्यांकडून करत असशील. मी त्याच्यासमोर बसून असतो, उचलत नाही. उचलला आणि तू म्हणालीस की संपलं, तर? आणि संपलेलं नसलं तर तू विचारणार, कधी येतोस? दोन्हीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आहे. उद्याच्या सोमवारच्या विमानाचं तिकीट काढलं आहे. आस्ताचा नवरा मला गाडीतून सोडायला येणार आहे. दार लागेपर्यंत खाली उभा राहीन म्हणाला.

तू म्हणशील, उद्या येणारच आहेस तर पत्र कशाला? मुद्दाम लिहितो आहे. आत्ता जाऊन पोस्टात टाकतो, म्हणजे उद्याच्या थैलीत असेल. ते विमानात असलं की मलाही असावंच लागेल. पत्र येऊन पोचलं आणि मी नाही, असं पुन्हा करता येणार नाही. माझ्या हातांना एवढंच काम देता आलं.

बाबांना सांग की उद्या. हातमोजे घालूनच बसेन.

हाल्फदान


इसाफ्योर्दुर, २७ फेब्रुवारी

प्रिय हाल्फदान,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं.

काल क्रीमच्या बनांचा सोमवार, उपवासाच्या दिवसांआधीचा सण. शेजारणीनं ताटभर बन पाठवले होते. सकाळी बाबांनी एका बनावरचं थोडं क्रीम बोटानं चाटलं आणि बरं आहे म्हणाले. तेवढंच खाणं. नंतर बोलले नाहीत. श्वास फार अंतरानं येत होता. मी समोर बसून पुढच्याची वाट बघत होते.

दुपारी खाडीत विमानाचा आवाज आला. वळतानाचा, तो जरा वेगळाच येतो ना, डोंगरावर आपटून. बाबांनी डोळे उघडले. स्पष्ट म्हणाले, "आला."

तू येणार हे मला माहीत नव्हतं, पत्र अजून थैलीत होतं. पण ते इतक्या खात्रीनं म्हणाले की मीही उठले. शेजारणीला त्यांच्याजवळ बसवलं आणि तिच्या नवऱ्याच्या गाडीतून विमानतळावर गेले. सगळे उतरले. मी जिन्याशी उभी होते. शेवटी वैमानिक उतरला. खिडकीतल्या बाईला पोस्टाची थैली तिथंच उघडायला सांगितली; माझा चेहरा पाहून तिनं उघडलीही. तुझं पत्र घेऊन परत आले.

बाबा दाराकडे बघत होते. म्हणाले, "कुठं आहे?"

मी म्हटलं, "उतरलाय. सामान घेतोय. येतोच आहे." तू जसा इतके दिवस बोलायचास, तसंच मी बोलले, अडखळले नाही. तेव्हा कळलं की तुला ते किती सोपं जात असेल आणि किती अवघड.

"चेहरा कसा आहे त्याचा?"

"पांढराफटक. पण आला आहे."

ते हसले. "आला ना," म्हणाले. मग डोळे मिटून ऐकत राहिले, हवामान ऐकायचे तसे. कोण दार उघडतं, ते ऐकत असणार. मी मुद्दाम उठून बाहेरचं दार एकदा उघडलं आणि लावलं. पाय आपटले, बूट झटकल्यासारखे. परत खोलीत आले तेव्हा ते गेले होते. तो आवाज त्यांना ऐकू आला की नाही, मला माहीत नाही. आला असेल असं मी धरून चालले आहे. तूही तसंच धर.

संध्याकाळी पुन्हा फोन केला, तू उचलला नाहीस. आस्ताला केला. ती म्हणाली, तू अजूनही तिच्या नवऱ्याच्या गाडीत बसून आहेस, उतरत नाहीस. तिला म्हटलं, त्याला काही सांगू नकोस, मी लिहिते.

मला तुझा राग येत नाही. शोधून पाहिला, सापडला नाही. फार दमले आहे.

पाद्रीबुवांशी बोलले. जमीन दगडासारखी गोठली आहे, खणायला वेळ लागणारच आहे. मी त्यांना सांगितलं, शनिवार, दहा मार्च. त्याच्या आधी कुणी कुदळसुद्धा लावायची नाही. बोट आठ तारखेला लागते, मी धक्क्यावर असेन.

कुणी विचारलं तर वारा आहे म्हणून सांगेन. तू बोटीनंच ये.

तुझी,
स्टेइनुन